डाव्या कोपऱ्यातला हात

“सुले, हात दे!”

पहिल्यांदा हळू म्हटलं. दुसऱ्यांदा ओरडले. तोवर परभणीची दुर्गा मध्यरेषा ओलांडून आत शिरली होती. आमच्या कॅम्पातली सगळ्यात चपळ चढाईवाली ती. मी डाव्या कोपऱ्यात आणि माझ्या उजव्या अंगाला सुलक्षणा घरत. कबड्डीत आमच्या दोघींचं कामच मुळी हातात हात घालून उभं राहायचं. कोपऱ्यातलीने खाली सूर मारून चढाईवालीचा घोटा धरायचा आणि शेजारचीने मागून येऊन तिची परतीची वाट अडवायची. एकटीने घोटा धरला तर चढाईवाली तुम्हाला फरफटत मध्यरेषेपर्यंत नेते आणि वर गुण घेऊन जाते. हे शाळेतल्या पोरीलाही कळतं.

सुलीने दोन्ही हात कमरेवर ठेवले होते.

मी घोटा धरला. पक्का धरला. मागून कोणी आलंच नाही. दुर्गाने मला मॅटवरून ओढत नेलं आणि रेषेला हात टेकवला. मी पालथी पडले होते, तोंडात मॅटचा रबरी वास. खुर्च्यांवर संघाचे मालक बसले होते, पांढरे बूट घालून. त्यांच्या शेजारी मॅनेजर सारंग देवस्थळी. त्याने टॅबलेटवर बोट दाबलं. माझी एक पकड फसली, एवढंच त्यात चढलं.

“कमरेवर काय हात ठेवलेस? फोटो काढायचाय?” मी उठता उठता म्हटलं.

“तुझं तू बघ,” सुली म्हणाली. माझ्याकडे न बघता.

तुझं तू बघ! ही बाई शाळेत असल्यापासून माझा हात धरून खेळत होती. पेण तालुक्यातलं आमचं गाव, एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला खाडीचा बांध. बांधाच्या आत सुलीच्या बाबांनी, हिरामणकाकांनी, मैदान आखलं होतं. काका आमच्या दोघींची मनगटं पंच्याने एकत्र बांधायचे आणि गावातल्या दांडग्या पोरांना चढाईला पाठवायचे. “एकीने उडी मारली की दुसरी फरफटलीच पाहिजे,” म्हणायचे. आमची मनगटं सोलवटून निघायची. घरी आई हळद लावायची आणि काकांना शिव्या घालायची. पण त्यातून आमची खूण बसली. हात एकदा दाबला की थांब. दोनदा दाबला की घे. बोलायची गरज नाही, मान वळवायची गरज नाही. राज्यभर आमची डावी बाजू प्रसिद्ध होती ती त्या दोन दाबांवर.

आणि नेमक्या त्या दिवशी तिला हात जड झाला.

तो दिवस साधासुधा नव्हता. बायकांची व्यावसायिक लीग पहिल्यांदाच होणार होती, टीव्हीवर दिसणार होती. आमच्या संघाचं नाव डेक्कन धडक. नाव ठेवणाऱ्याला कोणीतरी धडक द्यायला हवी होती, पण ते असो. पुण्याच्या बाहेर एका क्रीडा संकुलात दीड महिना आमचा कॅम्प चालला होता. कॅम्पातून अर्ध्या पोरी घरी जाणार होत्या आणि अर्ध्या संघात. हा शेवटच्या दिवसाचा सामना बघून मालक शिक्कामोर्तब करणार होते. मी अठ्ठावीस पूर्ण केली होती. एका कंपनीच्या संघातून खेळून खेळून मी जिल्ह्यात, राज्यात नाव केलं, पण घरी टीव्हीवर कधी दिसले नाही. माझ्या बापाने त्यासाठी आधीच शेजारपाजारी सांगून ठेवलं होतं. यंदा नाही तर पुढच्या वर्षी, असं म्हणायचं माझं वय राहिलं नव्हतं.

मी परत कोपऱ्यात उभी राहिले. डाव्या गुडघ्याची टेप सुटत होती ती दाबून बसवली. मध्यंतरी सरावात पाय मुरगळला होता. शहरात नेऊन फोटो काढले, मशीनमध्ये झोपवलं. फिजिओ मॅडम म्हणाल्या, “सूज आहे, थोडं पाणी झालंय. टेप लावून खेळ.” दुखलं की इंजेक्शन द्यायच्या. दुखणं गप्प बसायचं. मला तेवढं पुरे होतं.

पुढच्या चढाईला मी स्वतः सुलीचा हात धरला. तिने सोडवून घेतला. झटका देऊन! समोरच्या पोरीसुद्धा बघत राहिल्या. धायगुडे सर, आमचे कोच, बाहेरून ओरडले, “डावी बाजू, काय चाललंय?”

“सर, ही हात देत नाही!”

“खेळा, खेळा. तोंड बंद.”

मग मला सणक आली. हात नाही तर नाही, गेलीस उडत. मी एकटीच सूर मारत राहिले. प्रत्येक वेळी घोटा हातात यायचा आणि प्रत्येक वेळी मागची जागा रिकामी. सारंगचं बोट टॅबलेटवर टकटक करत होतं. शेवटी शेवटी तर दुर्गालाच माझी दया आली. उठताना हात द्यायला लागली. मी तिचा हात झिडकारला.

दुपारी नावं वाचली. सुलक्षणा घरत होती. डाव्या कोपऱ्यात नाशिकची ऋतिका होती, जिला मीच सूर मारायला शिकवलं होतं. वैजयंता मोकल नव्हती.

मी सरळ ऑफिसात गेले. दार वाजवायचं वगैरे सुचलं नाही. आत सारंग आणि धायगुडे सर दोघंच होते. सारंग तिशीतला, गोरागोमटा, बोलायला अगदी गोड. आम्हा सगळ्यांना तो ‘चॅम्प’ म्हणायचा. एकीचंही नाव त्याला धड येत नसावं.

“चॅम्प, बस ना. मला माहितीये तू नाराज असशील.”

“मी नाराज नाही. मला राग आलाय. मघाचा व्हिडिओ लावा.”

“हे बघ, आपण आकड्यांवर जातो. तुझ्या यशस्वी पकडी...”

“आकडे गेले खाडीत! सुलीने हात दिला नाही. व्हिडिओ लावा आणि बघा. घोटा माझ्या हातात आहे की नाही ते बघा. मागची बाई कुठे उभी आहे ते बघा.”

तो टॅबलेट चाळू लागला. “हाताचं असं वेगळं काही आमच्याकडे चढत नाही. पहिला स्पर्श कोणाचा आणि पकड झाली की नाही, एवढंच.”

“म्हणजे दोघींनी मिळून धरायचं आणि फसलं की एकीच्या नावावर?”

“सिस्टिम तशी आहे.”

“मग दीड महिना काय बघितलंत तुम्ही? आम्ही हातात हात घालून उभ्या राहतो ते काय फुगडी खेळायला?”

धायगुडे सर खिडकीबाहेर बघत होते. हा माणूस स्वतः कोपऱ्यात खेळलेला. त्याला सगळं कळत होतं. मी त्यांच्याकडे वळले. “सर, तुम्ही तरी बोला. तुम्ही बघितलंत ना?”

“वैजयंता, झालं ते झालं,” सर म्हणाले. “घरी जा. थोडा आराम कर. पायाला बरं वाटेल.”

“पायाचा काय संबंध?”

सरांनी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं. सारंगला मात्र गप्प बसता आलं नाही. मला समजावायला गेला आणि फसला. “तेच ना चॅम्प. लागोपाठ पकडी सुटायला लागल्या तेव्हा आम्हालाही धक्का बसला. आमचा अंदाज होता की एक सीझन तरी निघेल. पण गुडघा आधीच गेला म्हटल्यावर...”

“कुठला गुडघा?”

धायगुडे सरांकडे बघितलं त्याने.

“कुठला गुडघा गेला, सारंग सर? मला फक्त पाणी झालंय.”

वर पंखा कुरकुरत होता. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, “आता इथून बाहेर जायचं तर मला सांगूनच जायचं.”

धायगुडे सरांनी सांगितलं. खाली बघून, हळू आवाजात. माझ्या गुडघ्यातला लिगामेंट अर्ध्याहून जास्त तुटलेला होता. शहरातल्या डॉक्टरांनी खेळ ताबडतोब थांबवायला सांगितलं होतं. उरलेला तुटला की बाजूची कूर्चाही जाणार, मग जन्मभर पाय ओढत चालायचं. यांनी बसून विचार केला. डाव्या कोपऱ्यात माझ्या तोडीची कोणी नव्हती. इंजेक्शनं देऊन एक सीझन काढायचा आणि पुढच्या वर्षी मला सोडून द्यायचं, असं ठरलं. नाहीतरी पुढच्या वर्षी ती एकोणतीस होईल, हे सारंगचंच वाक्य असणार.

“आणि मला कधी सांगणार होता?”

“सीझननंतर उत्तम डॉक्टर दिला असता,” सारंग म्हणाला. “कॅम्पला येताना तू सही केलीस त्यात उपचारांचे निर्णय संघ घेईल असं स्पष्ट...”

मी त्याचा टॅबलेट उचलला आणि भिंतीवर मारला. तेवढं समाधान मिळालं. काच चांगली खळ्ळकन फुटली. “हा पण गेला बघा,” मी म्हटलं. “टेप लावून खेळा.”

तिथून तडक जेवणघरात. पोरी जेवत होत्या. तीच उकडलेली अंडी, मोड आलेले मूग, गवतासारखी पालेभाजी. दीड महिना मासळी नाही, भात नाही, वजनकाट्यावर रोज उभं करायचे. शरीराचा ग्रॅम ग्रॅम मोजणाऱ्या हरामखोरांना आतलं तुटलेलं सांगायला तोंड नव्हतं. मी बाकावर चढले. गुडघ्यातून कळ आली, इंजेक्शनचा अंमल उतरत होता.

“पोरींनो, ऐका! माझा गुडघा तुटलाय आणि मला आज कळतंय. यांना केव्हाच माहीत होतं. ज्या ज्या पोरीला त्या मशीनमध्ये झोपवलं असेल तिने आत्ता उठायचं आणि विचारायचं, माझं काय निघालं. गोड बोलतील. ऐकून घेऊ नका. शहरातल्या डॉक्टरला स्वतः फोन करा.”

“वैजयंता, प्लीज, तमाशा नको,” धायगुडे सर मागून आले होते.

“तमाशा तुम्ही केलात सर. मी फक्त तिकीट फाडतेय.”

दुर्गा पहिली उठली. तिचा खांदा दुखत होता गेले कित्येक दिवस. हात न धुताच ती फिजिओच्या खोलीकडे गेली. तिच्यामागे आणखी दोघी. ऋतिका जागेवरच बसून राहिली, ताटात बघत. तिच्यावर मी रागावले नाही. तिला संघ नुकताच मिळाला होता.

सुली जेवणघरात नव्हतीच.

ती संकुलाच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी बसली होती, अंगातली जर्सी न बदलता. मी समोर जाऊन उभी राहिले. ऑफिसातून जेवणघराकडे येताना एक गोष्ट माझ्या डोक्यात शिरली होती आणि ती बाहेर निघत नव्हती. सारंगला हाताचं कळलं नाही. त्याला वाटलं गुडघा. पण सुलीला माझ्या पायाचं काहीच माहीत नसेल, तर तिने हात का काढून घेतला? आणि माहीत असेल तर?

“तुला माहीत होतं,” मी म्हटलं.

तिने मान हलवली.

“कधीपासून?”

“परवापासून. मी फिजिओच्या खोलीत पडद्यामागे घोट्याला बर्फ लावून पडले होते. मॅडम आणि सारंग बाहेर बोलत होते. त्यांना वाटलं खोलीत कोणी नाही.”

“मला सांगायचं नाहीस?”

“तू ऐकली असतीस?”

“तो माझा प्रश्न आहे.”

“नसतीस ऐकली,” सुली म्हणाली. आता तिचाही आवाज चढला. “जिल्ह्याच्या फायनलला बोट मोडलं होतं तुझं. शेजारच्या बोटाला केसांचं रबर गुंडाळून खेळलीस. बाबांनाही सांगितलं नाहीस, मलाही नाही. हात धरला तेव्हा मला कळलं. मी सांगितलं असतं तर तू टेप आणखी घट्ट बांधली असतीस, एवढंच झालं असतं. मग मी काय करायचं होतं गो? त्या टॅबलेटात हात दिसत नाही, हे मला दीड महिन्यात कळलं होतं. मी हात काढला की तुझ्या पकडी फसणार. पकडी फसल्या की ते तुला सोडणार. बस.”

मी तिला थोबाडीत मारली. तिने हात वर केला नाही, चेहरा फिरवला नाही. तिने हात उचलायला हवा होता. दोघींची मारामारी झाली असती तर बरं झालं असतं.

“तुझ्या बापाने मनगटं बांधली होती ती यासाठी?” मी म्हटलं.

“यासाठीच. एकीने उडी मारली की दुसरी फरफटणार. मला तुझी फरफट बघायची नव्हती.”

“सगळ्यांसमोर मला मॅटवर फरफटत नेली ती कोणी, सुले? दुर्गाने? तू नेलीस. माझा बाप घरी टीव्हीसमोर बसणार होता. आता तो गल्लीत काय सांगणार? पोरीला पकड जमली नाही?”

तिच्या गालावर माझी बोटं उठली होती. ती रडत नव्हती. म्हणाली, “पाय राहील तुझा.”

“आणि तू? तू खेळणार यांच्यात? या माणसांच्यात?”

तिने जर्सीची बाही खाली ओढली. मग म्हणाली, “खेळणार.”

ते मला त्या टाकीपाशी सगळ्यात जास्त लागलं. वाटलं होतं, ही म्हणेल की चल, दोघी जाऊ. पंचा बांधलाय ना आपल्याला. पण तिलाही तेवढीच भूक होती जेवढी मला. तिचंही वय उलटत होतं. आज मला ते समजतं. त्या दिवशी समजून घ्यायची मला इच्छाच नव्हती.

संध्याकाळी दुर्गाने मला रिक्षाने एसटी स्टँडवर सोडलं. गुडघा एव्हाना नारळाएवढा झाला होता. दुर्गाच्या खांद्याचं खरं निघालं ते तिला त्याच दुपारी कळलं होतं आणि ती दुसऱ्या दिवशी घरी जाणार होती. आम्ही दोघी रस्ताभर सारंगच्या सात पिढ्यांचा उद्धार करत आलो. पेणची गाडी लागली. मी खिडकीत बसले आणि पाय समोरच्या सीटखाली सरळ केला.

गाडी सुटायच्या वेळेला सुली धावत आली. अजून जर्सीच अंगात. माझी पाण्याची बाटली टाकीपाशी राहिली होती, ती तिने खिडकीतून आत दिली. मग तसाच हात आत ठेवला, तळवा वर करून.

“वैजू,” म्हणाली. “हात दे.”

मी बघत राहिले त्या हाताकडे. मनगटावर पंच्याचा जुना वण होता, तसाच माझ्याही आहे. कंडक्टरने घंटी मारली. मी हात मांडीखाली घातला. गाडी हलली तशी ती चार पावलं सोबत चालली आणि मग हात आपोआप खिडकीतून निघून गेला.

पुढे गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी एखादा सामना खेळली असतीस तर काही उरलं नसतं. मी आज बांधावरून चालते, मिठागरापर्यंत जाते, हिरामणकाकांच्या त्याच मैदानावर पोरींना शिकवते आणि त्यांच्यामागे पळतेसुद्धा. पोरींच्या मनगटांना पंचा बांधते. सुलीने पाय वाचवला, हे खरं आहे. गावात सगळे मला हेच सांगतात. माझी आई सांगते, काका सांगतात, गणपतीत सुली घरी आली की तिचा नवरासुद्धा मला ऐकवतो. सुली स्वतः कधी काढत नाही. समोरासमोर बसतो आम्ही, चहा पितो, पोरांबाळांचं बोलतो.

मागच्या गणपतीत तिच्या मुलीला मी मैदानावर नेलं. पोर चांगली आहे, आईसारखी उंच. डाव्या कोपऱ्यात उभी केली. सुली बांधावर बसून बघत होती. परत येताना मला म्हणाली, “अजून राग आहे तुझा?”

“आहे,” मी म्हटलं.

“पाय चालतोय ना?”

“चालतोय. पण तेव्हा माझ्या गुडघ्याचं डॉक्टरला माहीत होतं, मॅडमला माहीत होतं, सारंगला, धायगुडे सरांना आणि तुला. ते चौघं माझे कोणी नव्हते.”

पुढे बांध अरुंद होता, भरतीने ओला झाला होता. तिथून चालताना एकमेकींना धरावं लागतं. मी तिचा हात धरला आणि एकदा दाबला.

ती थांबली.

“मला विचारायचं होतंस,” मी म्हटलं. मग आम्ही पुढे निघालो.